पी हळद आणि हो प्राध्यापक

गेल्या दिवाळीत वहिनींनी माझ्यापुढे एक डबी ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊजी, जन्मभर पोरांना औषधं शिकवलीत. आता मला एवढंच सांगा, या गोळ्या घेऊ का नको?”

डबीवर हळकुंडांचं चित्र होतं. आत कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूल, सोबत मिऱ्याचा अर्क. पुतण्याने अमेरिकेहून धाडलेल्या. वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, तो परतू नये म्हणून रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी चालू आहे. डबीतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं की या उत्पादनामागे हजारो शोधनिबंधांचा आधार आहे.

मी सांगितलं, “भाजीत घाला, दुधात घाला, हळद कुणी सोडायला सांगत नाही. ही डबी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.” वहिनी काही ऐकून घेणाऱ्या नाहीत. “मग ते हजारो लोक लिहितात ते काय उगीच?”

त्या वेळी मी विषय बदलला. कारण कागदावरचं वाक्य खोटं नव्हतं. हळदीतल्या त्या एका पिवळ्या द्रव्यावर खरोखरच हजारो शोधनिबंध आहेत, आणि त्यांतले पुष्कळ कर्करोगाबद्दल आहेत. हे सगळं लिहिलं कुणी, ते मोजलं कुणी, आणि त्या मोजणीला आपण ‘परिणाम’ हे नाव कसं दिलं, हे सांगायचं तर दिवाळीचा फराळ पुरला नसता. म्हणून हा लेख.

कर्करोगाच्या औषधशास्त्रात काम करणाऱ्या संशोधकांमध्ये भरत अगरवाल हे नाव एके काळी अगदी वरच्या फळीतलं. पंजाबातल्या बटाल्याचा जन्म, दिल्ली आणि बनारसला शिक्षण, मग बर्कलीची पीएच.डी. १९८० च्या दशकात जेनेनटेक कंपनीत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर म्हणजे टीएनएफ आणि त्याचा भाऊबंद लिम्फोटॉक्सिन ही प्रथिनं शुद्ध स्वरूपात वेगळी केली, त्यांची रचना ओळखली. हे काम पक्कं होतं. आज संधिवाताच्या रुग्णांना टीएनएफला अडवणारी जी महागडी इंजेक्शनं मिळतात, त्यांच्यामागच्या लांबलचक साखळीत हे काम आहे. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

१९८९ मध्ये ते ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये गेले. १९९५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतून लेख आला की पेशींमध्ये दाह पेटवणारा एनएफ-कॅप्पा-बी नावाचा जो खटका आहे, तो कर्क्युमिनने दाबला जातो. इथून पेव फुटलं. कर्क्युमिन याही रेणूला अडवतं, त्याही रेणूला अडवतं, आतड्याच्या कर्करोगात, स्वादुपिंडाच्या, स्तनाच्या, रक्ताच्या. लेख शेकड्यांनी निघाले, त्यांचे दाखले पुढच्या लेखांनी दिले, दाखल्यांची बेरीज वाढत गेली. २०१५ मध्ये थॉमसन रॉयटर्स या कंपनीने अशा दाखल्यांच्या मोजणीवरून जगातल्या सर्वांत प्रभावी वैज्ञानिक मेंदूंची यादी काढली, तिच्यात अगरवाल होते.

त्याच वर्षी त्यांनी एम. डी. अँडरसन सोडलं. त्यांच्या लेखांमधल्या चित्रांबद्दल, म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्यांचे जे फोटो पुरावा म्हणून छापतात त्यांच्याबद्दल, काही वर्षं आधीपासून शंका घेतल्या जात होत्या. संस्थेने २०१२ मध्ये चौकशी सुरू केली होती. २०१६ मध्ये ‘बायोकेमिकल फार्माकॉलॉजी’ या एकाच नियतकालिकाने त्यांचे ७ लेख एका झटक्यात मागे घेतले. आज मागे घेतलेल्या लेखांचा आकडा तीसच्या आसपास आहे.

लेख मागे घेतला गेला म्हणजे माणूस लबाड ठरला, असा अर्थ मी काढत नाही. प्रयोगशाळेत पंधरा-वीस हात काम करत असतात आणि कुठला हात कुठे घसरला हे बाहेरून कळत नाही. या माणसाला पिंजऱ्यात उभं करण्यात मला रस नाही. मला त्या काट्याबद्दल बोलायचं आहे, ज्याच्यावर त्यांना तोललं गेलं आणि ज्याच्यावर आजही आपल्याकडचा प्रत्येक प्राध्यापक तोलला जातो. संशोधकाचं वजन उद्धरणांच्या काट्यावर करणं बंद झालं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. त्या काट्यावर भलतीच वस्तू चढते.

आधी काटा कसा चालतो ते बघू. तुमच्या लेखाचा दाखला दुसऱ्याने आपल्या लेखात दिला की झालं एक उद्धरण. युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून अशा दाखल्यांची सूची छापायला सुरुवात केली ती शोधकांच्या सोयीसाठी: एखादा जुना लेख पुढे कुणी वापरला हे सापडावं म्हणून. ग्रंथपालाचं हत्यार ते. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ काढला. तुमच्या २० लेखांना प्रत्येकी किमान २० उद्धरणं असतील तर तुमचा एच वीस. सुटसुटीत आकडा, अर्जाच्या रकान्यात बसणारा. झालं. ग्रंथपालाचं हत्यार आस्थापना विभागाच्या हाती गेलं.

यातली गोम अशी, की उद्धरण कशासाठी दिलं हे काटा बघत नाही. ‘या लेखामुळे आम्ही औषधाची मात्रा बदलली’ हेही एक उद्धरण, आणि ‘हळद भारतात प्राचीन काळापासून वापरली जाते’ या वाक्याच्या शेपटीला लावलेला आकडाही एकच उद्धरण. ज्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की प्रस्तावनेतले निम्मे दाखले पूर्ण न वाचताच उचललेले असतात. शिवाय मूळ प्रयोगापेक्षा समीक्षालेखाला, म्हणजे इतरांच्या लेखांचा आढावा घेणाऱ्या लेखाला, दाखले जास्त मिळतात, कारण पन्नास लेख वाचण्यापेक्षा एकाचा हवाला देणं सोपं.

अगरवालांच्याच कामात याचा नमुना आहे. त्यांच्या सर्वाधिक उद्धृत लेखांमधला एक म्हणजे २००७ मधला समीक्षालेख, आणि त्याचा विषय काय? कर्क्युमिन पोटातून रक्तात पोचत नाही, हा. हजारो ठिकाणी त्याचा हवाला आहे. औषधशास्त्रात ‘रक्तात पोचत नाही’ याच्याइतकी मोठी तक्रार दुसरी नसते. पण इथे त्या तक्रारीवरच उद्धरणांचे इमले उभे राहिले. कर्क्युमिनचे सूक्ष्म कण करा, चरबीत गुंडाळा, मिऱ्यातलं पिपरिन घाला, आणि प्रत्येक वेळी एक लेख लिहा.

आता जरा हळदीपाशी थांबतो, कारण ही गोष्ट मला घरची आहे. माझं लहानपण सांगलीकडचं. आमच्या नात्यातल्या एकांची हरिपूरला हळदीची पेवं होती. नदीकाठच्या मातीत खोल, आत फुगीर, वर तोंड चिमुकलं. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच गेली. पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरू देत नसत. आत हवा कोंदलेली असते, माणूस गुदमरतो. आधी तोंड उघडं टाकायचं, थांबायचं, मग माणूस सोडायचा. शोधनिबंधांचं पेव फुटलं तेव्हा मात्र कुणालाच थांबायला वेळ नव्हता.

कर्क्युमिनची खोड काय आहे, हे खरं तर धुण्याच्या दगडावर बसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारावं. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो. उन्हात वाळत टाकला की उडतो. हळदीला क्षार लावून तर आपल्याकडे कुंकू करायचे. म्हणजे हे द्रव्य क्षाराने रंग बदलतं, उजेडात मोडतं. प्रयोगशाळेत नेमकं हेच घडतं. शरीराच्या आम्लतेच्या आणि तापमानाच्या द्रावणात ठेवलं तर कर्क्युमिनचा बहुतेक भाग अर्ध्या तासात मोडून जातो. शिवाय ते स्वतःच चमकतं, धातूंना धरून ठेवतं, पेशींच्या आवरणात लुडबुड करतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. कुठल्याही चाचणीत टाका, काही ना काही ‘परिणाम’ दाखवणारच. अशा रेणूंना औषध शोधणारे रसायनतज्ज्ञ चाचणीतले उपद्रवी म्हणतात. २०१७ मध्ये कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये हे सगळं एका ठिकाणी मांडलं. तोवर माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्या होऊन गेल्या होत्या. ज्यात रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही ठाऊक नाही की आत औषध आहे की नुसतं पीठ, अशा कडक चाचणीत कर्क्युमिन एकदाही पास झालेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

खुद्द एम. डी. अँडरसनमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं गेलं. २००८ चा लेख आहे, लेखकांमध्ये अगरवालही आहेत. एका रुग्णाचा आजार दीड वर्षाहून अधिक काळ होता तिथेच थांबला, एकाची गाठ काही दिवस चांगलीच आकसली आणि मग पुन्हा वाढली, बाकीच्यांना म्हणण्यासारखा गुण नाही. रक्तातली पातळी अगदी नगण्य. हा लेख प्रामाणिक आहे, आकडे लपवलेले नाहीत. पण पुढे दाखले देणाऱ्यांनी उचललं काय, तर ‘कर्क्युमिनचा रुग्णांवर परिणाम दिसून आला आहे’.

आणि ज्यांनी हे काम भारतात आधी केलं त्यांचं काय? त्रिशूरच्या अमला कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये रामदासन कुट्टन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हळदीचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर वापरून बघितला, आणि १९८७ मध्ये कातडीवर फुटलेल्या कर्करोगाच्या ६२ रुग्णांना हळदीचं मलम लावून बघितलं. दावा माफक होता: जखमेची दुर्गंधी कमी होते, खाज कमी होते. कर्करोगाची फुटलेली जखम घरात असलेल्या माणसालाच कळेल, दुर्गंधी कमी होणं म्हणजे काय ते. ‘प्रभावी मेंदूं’च्या याद्यांत असल्या गोष्टीला रकाना नाही.

कुणी म्हणेल, मागे घेतलेले लेख सोडून द्या, विज्ञान स्वतःला दुरुस्त करतं. करतं, पण फार सावकाश, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतं. मागे घेतलेल्या लेखांचे दाखले पुढेही वर्षानुवर्षं दिले जातात. उद्धरणांची बेरीज मागे जात नाही. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीच्या माजी संशोधन प्रमुखांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की कर्करोगावरचे ५३ गाजलेले शोध त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा करून बघितले, जुळले फक्त ६. म्हणजे हा एका प्रयोगशाळेचा दोष नाही. हळदीत तो ठळक दिसतो इतकंच. डाग पडतो ना.

वहिनींच्या डबीत मिऱ्याचा अर्क का होता, त्याचंही मूळ एका लेखात आहे. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधून लेख आला की कर्क्युमिनसोबत पिपरिन दिलं तर माणसाच्या रक्तातली त्याची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. अभ्यास मूठभर निरोगी स्वयंसेवकांवरचा. २००० हा आकडा आज प्रत्येक डबीवर आहे. शून्याच्या जवळचं काही वीसपट केलं तरी किती होणार, हे कुणी विचारत नाही. पिपरिन हे करतं ते यकृताच्या विकरांचा (एन्झाइमांचा) हात धरून ठेवून. आणि तीच विकरं इतर औषधंही हाताळतात. २०१९ मध्ये रॉटरडॅमच्या गटाने टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन आणि पिपरिन देऊन बघितलं. टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे खरं काम करणारं रूप होतं, ते एंडॉक्सिफेन, त्याची रक्तातली पातळी सुमारे १२ टक्क्यांनी उतरली. अभ्यास छोटा होता आणि १२ टक्के म्हणजे सगळ्यांच्याच बाबतीत आभाळ कोसळलं असं नाही. पण जिची पातळी आधीच काठावर आहे, तिने कशाला हा जुगार खेळावा? शिवाय २०२२ मध्ये औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी गटाने हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले. फोडणीतल्या चिमूटभर हळदीचा याच्याशी संबंध नाही. हा प्रश्न अर्क काढून, दामटून, मिऱ्याचा रेटा देऊन शरीरात घातलेल्या हळदीचा आहे.

तर मग औषधशास्त्रातल्या संशोधकाचा परिणाम दिसतो कुठे? परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बघू.

डोक्याचा आणि मानेचा, त्यात विशेषतः तोंडाचा कर्करोग हा आपल्या तंबाखूच्या मुलखाचा आजार. तो परत आला किंवा पसरला की निवोलुमॅबसारखं, शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारं औषध काही महिने विकत देतं, पण त्याची नेहमीची मात्रा म्हणजे दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि किंमत अशी की रुग्णालयात येणाऱ्या बहुसंख्यांनी ते नाव ऐकून फाइल बंद करावी. टाटामधल्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: एवढी मात्रा खरंच लागते का? त्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं. सहा आठवड्यांचा हिशेब मांडा: ७२० च्या जागी ४०. रुपयातले सहा पैसे सुद्धा नाहीत. सोबत तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्या होत्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब. १५१ रुग्णांचे दोन गट. एकाला नुसत्या गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या आणि ही इवलीशी मात्रा. एका वर्षाने पहिल्या गटातले १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. २०२३ च्या ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त हे छापलं आहे.

या अभ्यासावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पूर्ण मात्रेशी थेट तुलना झालेली नाही. २० मिलिग्रॅम हे २४० इतकंच चांगलं, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण ज्याला २४० कधीच मिळणार नव्हतं त्याला काही न मिळण्यापेक्षा २० बरं, एवढं त्यातून कळलं. याच गटाने त्याआधी, २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये ४२२ रुग्णांचा अभ्यास छापला होता: शिरेतून द्यायच्या सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधापेक्षा घरी घ्यायच्या मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबच्या गोळ्यांवर रुग्ण थोडे जास्त जगले, साडेसात महिने विरुद्ध सहा. दीड महिन्याचा फरक. आकड्यात किरकोळ वाटेल, पण तो काळ परळच्या फुटपाथवर सलाइनची वाट बघत घालवायचा की जळगावात आपल्या ओसरीवर, हाही त्यातला फरक आहे.

मला या गटाचं सर्वांत आवडतं काम मात्र वेगळंच आहे. ‘कमी द्या, स्वस्त द्या’ हे ब्रीद झालं की त्याचीही पोथी होते. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन दर आठवड्याला, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ३० मिलिग्रॅम द्यायची आपल्याकडे सर्रास पद्धत होती. सोयीची, रुग्णाला झेपणारी. नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर ती पद्धत तीन आठवड्यांतून एकदा, त्याच मापाने १०० मिलिग्रॅम देण्याशी ताडून बघितली. २०१८ मध्ये निकाल छापला: दोन वर्षांनी आजार जागच्या जागी आटोक्यात राहिलेले रुग्ण आठवड्याच्या गटात ५८.५ टक्के, तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के. म्हणजे आपलीच सोयीची सवय उणी ठरली, आणि त्यांनी ती चारचौघांत सांगितली. असला लेख लिहायला छाती लागते. एच-निर्देशांकात छातीचा रकाना नाही.

थोडं स्वतःबद्दल, कारण दुसऱ्याच्या ताटातलं मोजणं सोपं असतं. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत होतो. बढतीची वेळ आली तेव्हा प्रकाशनं कमी पडत होती. दोन रविवार बसून मी एक समीक्षालेख पाडला. विषय, सांगायला लाज वाटते, हळद आणि आलं. नवं अक्षर त्यात नव्हतं. माझ्या सगळ्या कामात त्याला सर्वांत जास्त उद्धरणं आहेत. अजूनही कुणीतरी कुठूनतरी हवाला देतं आणि मला ईमेल येतो.

त्याच सुमाराला ओपीडीत एक बाई आल्या. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलेलं, आठवड्यातून एकदा घ्यायचं. त्या रोज घेत होत्या. तोंडभर फोड, पाणी गिळवेना. चिठ्ठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत ‘आठवड्याला’ लिहिलं होतं, दुकानदाराने पाकिटावर नेहमीच्या सवयीने ‘सकाळी १’ लिहून दिलं. बाई वाचल्या. मी आणि औषध वाटपाच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टने मिळून एक रबरी शिक्का करून घेतला: ‘फक्त सोमवारी’. मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पाकिटावर तो लाल शाईत उमटवायचा. बास. तालुक्याच्या डॉक्टर मंडळींच्या पत्रिकेत त्याबद्दल अर्धं पान लिहिलं. उद्धरणं: शून्य. बढतीच्या मुलाखतीत त्या अर्ध्या पानाचा विषयसुद्धा निघाला नाही. हळद-आल्याचा निघाला.

मेथोट्रेक्सेट ज्यातून आलं त्या औषधांच्या कुळाचा तरी मान कुणाला मिळाला? येल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. तिथे बनलेलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या लहानग्यांना दिलं, १९४८ मध्ये तो लेख आला आणि कर्करोगाच्या केमोथेरपीचं एक दार उघडलं. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. आज त्यांचा एच काढला तर एखाद्या मध्यम विद्यापीठाच्या छाननी समितीतही तो कमी पडेल.

काट्याच्या बाजूने एक म्हणणं मात्र वजनदार आहे, आणि ते मी टाळणार नाही. आकडे नव्हते तेव्हा काय होतं? वशिला होता. निवड समितीत कुणाचा जावई आणि कुणाचा भाचा. यूजीसीने २०१० साली एपीआयचे, म्हणजे शिक्षकाचं काम आकड्यांत मोजणारे, गुण आणले तेव्हा आडगावच्या, कुणी वाली नसलेल्या कितीतरी शिक्षकांना ते हायसं वाटलं होतं: निदान मोजता येईल असं काहीतरी. माझाही त्यांच्यात नंबर होता. म्हणून ‘आकडे फेका आणि ज्येष्ठांच्या विवेकावर सोडा’ असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते. पण वशिल्यावर उतारा म्हणून आणलेल्या आकड्यांचं पुढे काय झालं तेही आपण बघितलं. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा याच गुणांवर पोसला. २०२२ मध्ये पीएच.डी.साठी लेख छापण्याची सक्ती काढावी लागली. २०२५ पासून एनआयआरएफने, म्हणजे संस्थांच्या सरकारी क्रमवारीने, मागे घेतलेल्या लेखांचे गुण कापायला सुरुवात केली आहे. चांगलं आहे; पण चोरी झाल्यावर कुलूप लावण्यापलीकडे ते जात नाही. एकाला शंभर लेखांचे शंभर गुण द्यायचे आणि तीन सापडले की तीन कापायचे, तर तो शहाणा एकशे तीन लिहील.

माझी मागणी साधी आहे, खर्चिक मात्र आहे. बढतीसाठी माणसाने आपली फक्त तीन कामं द्यावीत. लेख असोत, औषधाची मात्रा बदलणारा अभ्यास असो, नाहीतर रबरी शिक्का. ती संस्थेबाहेरच्या दोन माणसांनी पूर्ण वाचावीत आणि सहीनिशी दोन पानं लिहावीत: यातून काय बदललं, कुणासाठी बदललं. ती दोन पानं सगळ्यांना वाचायला खुली असावीत. जावयाची बाजू मांडणाऱ्याला मग आपल्या नावाने, चारचौघांत मांडावी लागेल. वाचणाऱ्यांना वेळ लागेल, मानधन द्यावं लागेल. कुणी म्हणेल एवढा पैसा कुठून आणायचा. मी म्हणतो, शुल्क भरून छापलेल्या लेखांवर सध्या जो उधळतो तोच. आणि दुसऱ्याचा गाजलेला प्रयोग पुन्हा करून बघणाऱ्याला, विशेषतः तो जुळला नाही असं सांगणाऱ्याला, त्या तीन कामांत पुढचा पाट मिळावा. आज तो सतरंजीवरसुद्धा नाही.

जुना, साधा, अर्ध्या पानाचा लेख कधी कामाला येईल हे सांगता येत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला दिलं. त्याच वर्षी आपले रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांनी त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ‘आमची आजी लावायची’ हे पेटंट कार्यालयात चालत नाही, छापील पुरावा लागतो. पुढे केलेल्या कागदांत जुने ग्रंथ होते आणि एक होता इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख. ज्याने तो लिहिला त्याच्या काळात उद्धरणांची सूचीही निघाली नव्हती. त्याने बघितलं ते लिहून ठेवलं आणि दवाखान्यात परत गेला असेल.

वहिनींनी डबी डॉक्टरांना दाखवली. त्यांनीही नकोच सांगितलं. ती आता फडताळात, लोणच्याच्या बरणीमागे आहे, सील न फोडलेली. पुतण्या दर रविवारी फोनवर विचारतो, “आई, गोळ्या घेतेस ना?” पोराचं मन कशाला मोडा, म्हणून वहिनी सांगतात, “घेते की. बरं वाटतंय.” परवा तो मला म्हणत होता, त्याने तिकडच्या दोन मित्रांनाही त्यांच्या आयांसाठी त्याच गोळ्या सुचवल्या आहेत. आमच्या आईला चांगलाच गुण आलाय म्हणाला.